३२.८ टक्के मतं, ३६.४ टक्के आमदार: थुरिंगियाची निवडणूक कशी वाचायची

१ सप्टेंबर २०२४ रोजी जर्मनीच्या थुरिंगिया राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. एएफडी हा अतिउजवा पक्ष ३२.८ टक्के मतं घेऊन पहिला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या एखाद्या राज्यात अतिउजवा पक्ष पहिला येण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे जगभर बातम्या झाल्या. दुसऱ्या क्रमांकावर मध्य-उजवा सीडीयू २३.६ टक्के, मग डाव्या नेत्या सारा वागेनक्नेश्ट यांचा त्याच वर्षी जानेवारीत स्थापन झालेला बीएसडब्ल्यू १५.८, डावा पक्ष म्हणजे लिंके १३.१ आणि मध्य-डावा एसपीडी ६.१ टक्के. मतदान ७३.६ टक्के झालं.

पहिला आलेला पक्ष सत्तेत मात्र गेला नाही. मुख्यमंत्री झाले सीडीयूचे मारिओ फोग्ट. पण याचा अर्थ एएफडीच्या हाती काही लागलं नाही असा घेतला, तर तो चुकीचा ठरेल. थुरिंगियात सरकार बनवायला लागतो त्याहून वेगळा एक आकडा आहे, आणि तो एएफडीला मिळाला: ८८ पैकी ३० जागा, म्हणजे एक तृतीयांशाच्या वर. मिळाल्या ३२. एक तृतीयांशापेक्षा कमी मतं मिळूनही सभागृहातल्या एक तृतीयांशापेक्षा जास्त खुर्च्या कशा मिळतात, आणि त्या एक तृतीयांशाने नेमकं काय अडवता येतं, हे कळलं की जर्मन राज्यांच्या निकालांचे तक्ते वाचता येऊ लागतात.

एक मतपत्रिका, दोन फुल्या

थुरिंगियाची लोकसंख्या सुमारे २१ लाख, राजधानी एरफुर्ट. विधानसभेला लांडटाग म्हणतात, मुदत पाच वर्षं. कायद्याने ठरलेल्या जागा ८८, पण मतदारसंघ फक्त ४४. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

मतदाराला एकच कागदी मतपत्रिका मिळते आणि तिच्यावर दोन स्तंभ असतात. एका स्तंभात आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं, दुसऱ्यात पक्षांच्या राज्ययाद्या. दोन्हीकडे एकेक फुली. मतदारसंघाचं मत आपल्याकडच्यासारखंच मोजतात: ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, मग ती २८ टक्के का असेनात. यादीचं मत मात्र पक्षाला जातं, आणि सभागृहात कोणाच्या किती जागा हे जवळजवळ पूर्णपणे हे दुसरं मतच ठरवतं. मतदारसंघ जिंकल्याने पक्षाचा एकूण हिस्सा वाढत नाही. त्याच्या वाट्याच्या खुर्च्यांवर बसणार कोण, एवढंच ठरतं. बरेच जर्मन मतदारही हे उलटं समजतात आणि उमेदवाराच्या मताला जास्त महत्त्व देतात.

दोन्ही मतं वेगवेगळ्या पक्षांना देता येतात. एका स्तंभात दोन फुल्या केल्या तर त्या स्तंभातलं मत बाद, दुसऱ्या स्तंभातलं शाबूत. एक स्तंभ कोरा सोडला तरी तसंच. पत्रिकेवर स्वतःचं नाव किंवा शेरा लिहिला तर ती बाद होण्याची वाट मोकळी होते. मतदानकक्षात मोबाइलने फोटो काढायला मनाई आहे.

मतदान रविवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. यंत्रं नाहीत. २००५ च्या संघीय निवडणुकीत काही ठिकाणी मतदानयंत्रं वापरली होती. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने तो वापर घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचा मुद्दा असा, की मतमोजणीच्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आल्या पाहिजेत. यंत्रावर कायमची बंदी घातलेली नाही, पण ही अट पूर्ण करणारं यंत्र कोणी आणलेलं नाही. म्हणून संध्याकाळी ६ नंतर त्याच खोलीत पेट्या टेबलावर रिकाम्या करतात, दोन्ही मतं एकाच पक्षाला दिलेल्या पत्रिकांचे गठ्ठे वेगळे, विभागून दिलेल्या वेगळ्या, कोऱ्या वेगळ्या आणि शंकास्पद वेगळ्या. शंकास्पद पत्रिकांवर केंद्रातलं मंडळ मतदान घेऊन निर्णय देतं. हे मंडळ म्हणजे गावातलेच स्वयंसेवक; त्यांना चहापाण्यापुरता भत्ता मिळतो. मोजणी बघायला कोणीही जाऊन उभं राहू शकतं.

टपालाने मतदान करायला कारण द्यावं लागत नाही. पण मतं वाया जातात ती इथेच. मतपत्रिका आतल्या पाकिटात घालून ते बंद करायचं, मग ते पाकीट आणि सही केलेलं मतदान प्रमाणपत्र अशा दोन गोष्टी बाहेरच्या पाकिटात घालायच्या. प्रमाणपत्रावर सही राहिली, किंवा ते चुकून आतल्या पाकिटात गेलं, की संपूर्ण पाकीट नाकारलं जातं. असं मत ‘बाद’ म्हणूनही मोजत नाहीत. त्या माणसाने मतदान केलंच नाही असं धरतात. पाकीट मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत पोचलं पाहिजे. शनिवारचा टपालशिक्का काही कामाचा नाही.

पाच टक्क्यांची चाळणी

यादीच्या मतांमध्ये राज्यभरात किमान ५ टक्के मिळवणाऱ्या पक्षांनाच जागावाटपात घेतात. २०२४ मध्ये पर्यावरणवादी ग्रीन्स ३.२ टक्क्यांवर, उदारमतवादी एफडीपी १.१ टक्क्यांवर अडकले. आधीच्या विधानसभेत दोघेही होते. या दोघांची आणि इतर लहान पक्षांची मिळून जवळपास ८.७ टक्के मतं जागावाटपातून गेली.

ही मतं नुसती वाया जात नाहीत. भाजक बदलतो. १०० च्या जागी सुमारे ९१.३ टक्क्यांमध्ये ८८ जागा वाटायच्या, त्यामुळे आत राहिलेल्या प्रत्येक पक्षाचा हिस्सा फुगतो. एएफडीची ३२.८४ टक्के मतं ९१.३ ने भागली की जवळजवळ ३६ टक्के होतात. म्हणजे या निकालात ३१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवणाऱ्या पक्षालाही ३० जागा गाठता आल्या असत्या. जितके जास्त छोटे पक्ष ५ टक्क्यांच्या खाली बुडतात, तितकी अडवणुकीची किंमत स्वस्त होते. निवडणुकीच्या रात्री एखाद्या छोट्या पक्षाचा आकडा ४.८ आहे की ५.१, याकडे सगळे डोळे लावून बसतात ते एवढ्यासाठी.

चाळणीच्या काठावर काय घडू शकतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण थुरिंगियातलंच आहे. २७ ऑक्टोबर २०१९ च्या निवडणुकीत एफडीपी पहिल्या मोजणीत ५ टक्क्यांच्या वर फक्त ५ मतांनी होता. अंतिम निकालात हा फरक ७३ मतांचा निघाला. त्या ७३ मतांच्या जोरावर आत आलेल्या पाच आमदारांपैकी एक जण तीन महिन्यांनी मुख्यमंत्री झाला. ती हकीकत पुढे येते.

८८ जागा प्रत्यक्ष वाटून बघू

थुरिंगियात हेअर-नीमायर पद्धत वापरतात. पक्षाची मतं गुणिले ८८, भागिले चाळणीतून पार झालेल्या सर्व पक्षांची एकूण मतं. येणाऱ्या उत्तरातला पूर्णांक म्हणजे हक्काच्या जागा. उरलेल्या जागा ज्यांचा अपूर्णांक सर्वांत मोठा त्यांना क्रमाने.

२०२४ ची मतं ढोबळ घेऊ: एएफडी ३ लाख ९७ हजार, सीडीयू २ लाख ८५ हजार, बीएसडब्ल्यू १ लाख ९० हजार, लिंके १ लाख ५८ हजार, एसपीडी ७३ हजार. बेरीज ११ लाख ३ हजार. नेमक्या मतांनी भागाकार केला की एएफडी ३१.६५, सीडीयू २२.७५, बीएसडब्ल्यू १५.१९, लिंके १२.५८, एसपीडी ५.८३ असे आकडे येतात. पूर्णांकांची बेरीज ३१ + २२ + १५ + १२ + ५ = ८५. तीन जागा उरल्या. सर्वांत मोठा अपूर्णांक एसपीडीचा (०.८३), मग सीडीयूचा (०.७५), मग एएफडीचा (०.६५). लिंके ०.५८ वर थांबला आणि त्याची तेरावी जागा हुकली. अंतिम चित्र: ३२, २३, १५, १२, ६.

हेच गणित वर्तमानपत्रात छापलेल्या एका दशांश स्थानाच्या टक्केवारीने केलं, तर उत्तर चुकतं. ३२.८, २३.६, १५.८, १३.१, ६.१ असे आकडे घेऊन बघा: लिंकेचा अपूर्णांक ०.६१ येतो आणि एएफडीचा ०.५८, म्हणजे शेवटची जागा भलत्याच पक्षाला जाते. टक्केवारी गोल करताना लिंकेचे १३.०५ चे १३.१ होतात आणि एएफडीचे ३२.८४ चे ३२.८. घरी गणित करून ‘निवडणूक आयोग चुकला’ असं जाहीर करणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा इथेच झालेली असते.

पण कधीकधी खरोखरच चुकतं. त्याच १ सप्टेंबरच्या रात्री शेजारच्या सॅक्सनी राज्यातही मोजणी चालू होती. तिथे १२० जागा. सुरुवातीला जाहीर झालेल्या वाटपात एएफडीला ४१ होत्या. दुसऱ्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं की संगणकप्रणालीत जागावाटपाची पद्धत चुकीची लागली होती. सॅक्सनीने कायदा बदलून द’होंट पद्धत सोडून सेंट-लाग्यू पद्धत घेतली होती, आणि वाटप नव्या नियमाने व्हायला हवं होतं. दुरुस्तीनंतर सीडीयू आणि एएफडीची एकेक जागा कमी झाली, एसपीडी आणि ग्रीन्सची एकेक वाढली. एएफडी ४० वर आला. १२० मधून ४० वजा केले की बरोबर ८०, म्हणजे दोन तृतीयांश. एका जागेच्या फरकाने सॅक्सनीत अडवणुकीचा आकडा हुकला. कोणत्याही जर्मन राज्याचा निकाल पहिल्या रात्रीच पक्का मानू नये; तो ‘तात्पुरता’ असतो, आणि राज्य निवडणूक समिती काही आठवड्यांनी अंतिम करते.

आमदार नेमके कोण?

पक्षाच्या वाट्याच्या खुर्च्यांवर आधी मतदारसंघ जिंकलेले बसतात, उरलेल्या जागा यादीतून वरून खाली भरतात. यादीचा क्रम पक्षाच्या अधिवेशनात ठरतो, मतदाराला तो बदलता येत नाही. २०२४ मध्ये ४४ पैकी २९ मतदारसंघ एएफडीने, ११ सीडीयूने आणि ४ लिंकेने जिंकले. बीएसडब्ल्यू आणि एसपीडीने एकही नाही. त्यांचे सगळे आमदार यादीतून आले आणि यात कमीपणा कोणी मानत नाही.

यातून एक गमतीदार पेच निघतो. एएफडीचे राज्यातले नेते ब्यॉर्न ह्योके ग्राइत्स भागातल्या आपल्या मतदारसंघात सीडीयूच्या ख्रिस्टियान टिशनर यांच्याकडून हरले. पक्षाच्या ३२ जागांपैकी २९ मतदारसंघांतून भरल्या गेल्यामुळे यादीसाठी उरल्या फक्त तीन. ह्योके यादीत पहिले होते म्हणून आत आले. त्यांच्या पक्षाने आणखी तीन मतदारसंघ जिंकले असते आणि त्यांचा स्वतःचा गेला असता, तर पक्ष अधिक यशस्वी आणि नेता सभागृहाबाहेर, अशी अवस्था झाली असती.

याच्या उलटही होतं. एखाद्या पक्षाने हिश्श्यापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले, तर त्या जागा काढून घेत नाहीत. बाकीच्या पक्षांना भरपाईच्या जागा देतात आणि सभागृह फुगतं. २०१९ मध्ये सीडीयूने २१ मतदारसंघ जिंकल्याने असंच झालं आणि थुरिंगियाची विधानसभा ९० जणांची झाली. म्हणून बहुमताचा आकडा प्रत्येक निवडणुकीत नव्याने काढावा लागतो: तेव्हा ४६, आता ४५.

मुख्यमंत्री निवडायच्या तीन फेऱ्या

जर्मन राज्यांना राज्यपाल नसतो. ‘सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलवायचं का’ हा आपल्याकडचा नेहमीचा वाद तिथे उद्भवतच नाही, कारण बोलावणारं कोणी नाही. विधानसभा स्वतःच, चर्चा न करता, गुप्त मतदानाने मुख्यमंत्री निवडते. थुरिंगियाच्या १९९३ च्या घटनेच्या कलम ७० नुसार पहिल्या फेरीत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं. नाही जमलं तर दुसरी फेरी, तीच अट. तरीही नाही जमलं तर पुढच्या फेरीत ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला. बहुमत असो वा नसो.

तिसऱ्या फेरीची ही सवलत राज्याला सरकारविना ठेवू नये म्हणून दिली आहे. २०२० मध्ये तिचा सापळा झाला. २०१९ च्या निवडणुकीनंतर लिंके, एसपीडी आणि ग्रीन्स मिळून ९० पैकी ४२ होते. लिंकेचे मुख्यमंत्री बोडो रामेलो यांना अल्पमताचं सरकार चालवायचं होतं. ५ फेब्रुवारी २०२० रोजी पहिल्या दोन फेऱ्या निष्फळ गेल्या. एएफडीने स्वतःचा एक अपक्ष उमेदवार उभा केला होता. तिसऱ्या फेरीत एफडीपीचे थोमास केमेरिश उतरले. मोजणी झाली तेव्हा केमेरिश ४५, रामेलो ४४, एक तटस्थ, आणि एएफडीच्या उमेदवाराला शून्य. एएफडीच्या आमदारांनी आपल्याच उमेदवाराला सोडून केमेरिश यांना मतं दिली होती, आणि सीडीयूच्या आमदारांनीही. पाच आमदारांचा पक्ष, आणि मुख्यमंत्री एएफडीच्या मतांवर. देशभर गदारोळ उठला. तेव्हाच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांनी परदेश दौऱ्यावरूनच हे अक्षम्य असल्याचं म्हटलं. केमेरिश यांनी तीन दिवसांत राजीनामा दिला. सीडीयूच्या तेव्हाच्या राष्ट्रीय अध्यक्षा आनेग्रेट क्राम्प-कारेनबाउअर यांनीही पद सोडणार असल्याचं जाहीर केलं. ४ मार्चला रामेलो पुन्हा निवडून आले, तिसऱ्याच फेरीत, ४२ मतांनी, सीडीयू तटस्थ राहिल्यामुळे.

या नियमात एक गाठ अजून सुटलेली नाही. तिसऱ्या फेरीत उमेदवार एकच असेल आणि ‘नाही’ची मतं ‘हो’पेक्षा जास्त पडली, तर तो निवडून आला का? एका बाजूचे घटनातज्ज्ञ म्हणतात, सर्वाधिक ‘हो’ त्यालाच, म्हणून हो. दुसरी बाजू म्हणते, विरोध जास्त असताना निवड कसली? रामेलोंच्या वेळी विरोधी मतं कमी होती म्हणून प्रश्न न्यायालयापर्यंत गेला नाही.

आता २०२४ कडे या. सीडीयू, बीएसडब्ल्यू आणि एसपीडी एकत्र आले, पक्षांच्या काळ्या, जांभळ्या आणि लाल रंगांवरून त्यांना ‘ब्लॅकबेरी आघाडी’ हे नाव पडलं. बेरीज २३ + १५ + ६ = ४४. विरोधात ३२ + १२ = ४४. बरोबर निम्मे. सीडीयूने २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर ठराव केला आहे की एएफडीशीही युती नाही आणि लिंकेशीही नाही. त्यामुळे लिंकेला सोबत घेऊन ५६ चं भक्कम सरकार बनवायचा सरळ मार्ग बंद होता. १२ डिसेंबर २०२४ रोजी मारिओ फोग्ट पहिल्याच फेरीत ५१ मतांनी निवडून आले. आघाडीबाहेरची किमान सात मतं. मतदान गुप्त असल्याने ती कोणाची हे कागदोपत्री सांगता येत नाही, पण २०२० नंतर तिसऱ्या फेरीपर्यंत गोष्ट जाऊ द्यायची नाही, हे लिंकेच्या हिताचं होतं हे उघड आहे.

४४ विरुद्ध ४४ असं सरकार चालतं कसं? साध्या विधेयकाला ‘हो’ची मतं ‘नाही’पेक्षा जास्त लागतात, बरोबरी झाली तर विधेयक पडतं. म्हणजे सरकारला पंचेचाळिसावा समर्थक शोधावा लागत नाही. लिंके आणि एएफडी दोघांनी एकाच वेळी, पूर्ण हजेरीने, ‘नाही’ म्हणायला नको, एवढंच पुरतं. लिंके तटस्थ राहिला तरी ४४ विरुद्ध ३२. म्हणून महत्त्वाच्या विधेयकांवर लिंकेशी आधीच बोलून घ्यायचं अशी व्यवस्था केली आहे. खरा धोका आजारपणाचा आणि चुकलेल्या गाडीचा.

सरकार पाडणं त्याहून अवघड. नुसता अविश्वास ठराव चालत नाही. त्याच मतदानात नवा मुख्यमंत्री सदस्यसंख्येच्या बहुमताने, म्हणजे ४५ मतांनी, निवडावा लागतो. एएफडी आणि लिंके एकत्र आले (ते येणार नाहीत, पण समजा) तरी ४४ वरच थांबतात.

एक तृतीयांशाने काय अडतं

८८ चे दोन तृतीयांश म्हणजे ५८.६७, प्रत्यक्षात ५९. एएफडीला वगळलं की उरतात ५६. राज्यघटना बदलायची असेल, तर एएफडीशिवाय अशक्य. विधानसभेला ठराव करून स्वतःला मुदतीआधी विसर्जित करायचं असेल, तरी तेच. याची चव थुरिंगियाने आधीच चाखली आहे: केमेरिश प्रकरणानंतर ठरलेली मुदतपूर्व निवडणूक २०२१ मध्ये झालीच नाही, कारण दोन तृतीयांश आमदारांची खात्रीशीर जुळवाजुळव होईना. 

सर्वांत नाजूक भाग न्यायालयांचा. वायमारमधल्या राज्याच्या घटना न्यायालयाचे नऊ सदस्य विधानसभा दोन तृतीयांश मतांनी निवडते. साध्या न्यायालयांतले न्यायाधीश कायम करताना एक निवड समिती लागते, आणि तिच्यात बसणारे आमदारही दोन तृतीयांश मतांनीच निवडायचे असतात. पूर्व जर्मनीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमलेल्या न्यायाधीशांची मोठी पिढी याच वर्षांत निवृत्तीला आली आहे. नवी समिती बनू दिली नाही, की नेमणुकांची पूर्ण साखळी ओढून धरता येते. थुरिंगियाच्या गुप्तचर खात्याने २०२१ पासून ज्या पक्षशाखेला ‘सिद्ध अतिउजवी’ ठरवलं आहे, तिच्या हाती ही दोरी आली, हा या निकालाचा गाभा आहे. मुख्यमंत्री कोण, याहून कितीतरी गंभीर, आणि बातम्यांत सगळ्यात कमी आलेला.

एक तृतीयांशाचा संबंध नसलेलीही एक अडवणूक झाली. २६ सप्टेंबर २०२४ ला नव्या विधानसभेची पहिली बैठक. हंगामी अध्यक्षपद वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्याकडे जातं. ते होते एएफडीचे युर्गेन ट्रॉयटलर. नियमांनुसार अध्यक्षपदाचा उमेदवार सर्वांत मोठ्या गटाने सुचवायचा. बाकीच्यांना आधी हा नियम बदलून सर्वांना उमेदवार सुचवता यावा असं हवं होतं. ट्रॉयटलर यांनी तो प्रस्ताव मतालाच टाकू दिला नाही. तासन्‌तास गोंधळ, वारंवार तहकुबी, मग सीडीयू घटना न्यायालयात. दुसऱ्या दिवशी रात्री न्यायालयाने ठरवलं की अध्यक्षाच्या निवडीआधी सभागृहाला आपले नियम बदलता येतात. २८ तारखेला सीडीयूचे थाडेउस क्योनिग ५४ मतांनी अध्यक्ष झाले. एएफडीच्या वीबके मूझाल यांना ३२ मिळाली. कायद्याच्या अभ्यासकांनी या पळवाटेचा इशारा निवडणुकीच्या कितीतरी आधी दिला होता, आणि तेव्हा ती बुजवायला साधं बहुमत पुरलं असतं. आळस म्हणा की राजकारण, बुजवली नाही.

थुरिंगियाच्या मतदानानंतर तीन आठवड्यांनी, २२ सप्टेंबरला, ब्रांडेनबुर्ग या दुसऱ्या जर्मन राज्यात निवडणूक झाली. तिथेही सभागृह ८८ चं. एसपीडी पहिला आला, ३२ जागा. एएफडी दुसरा, जागा ३०. ‘एएफडी हरला’ अशा मथळ्यांखाली तोच ३० चा आकडा होता.

मत कोणाला, आणि त्याचा बर्लिनमध्ये उपयोग काय

थुरिंगियात मतदानाला तीन अटी: जर्मन नागरिकत्व, वय १८ पूर्ण, आणि राज्यात किमान तीन महिने वास्तव्य. जर्मनीतल्या काही राज्यांत वय १६ आहे, इथे नाही. युरोपीय संघातल्या इतर देशांच्या नागरिकांना नगरपालिकेला मत देता येतं, विधानसभेला नाही. येना, इल्मेनाऊ किंवा एरफुर्टमध्ये शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या मराठी मंडळींना भारतीय पासपोर्टवर यातलं काहीच मिळत नाही. २७ जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं आणि पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून जर्मन झालात की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्ड मिळतं, भारतातलं मत जातं. मतदारयादीत नाव घालायला वेगळा अर्ज लागत नाही, पत्त्याच्या नोंदणीवरून ते आपोआप येतं. दुसऱ्या राज्यातून आल्यावर नोंदणी उशिरा केली तर तीन महिन्यांची अट हुकू शकते.

राज्य छोटं असलं तरी त्याचं वजन बर्लिनमध्ये लागतं. राज्यांच्या सभागृहात, बुंडेसराटमध्ये, एकूण ६९ मतं असतात, थुरिंगियाची ४. ही चार मतं विभागता येत नाहीत, सगळी एकाच बाजूला टाकावी लागतात. म्हणून आघाडीच्या करारांत एक कलम ठरलेलं असतं: भागीदारांचं एकमत झालं नाही तर तटस्थ राहायचं. पण बुंडेसराटमध्ये मंजुरीला सर्व ६९ पैकी ३५ मतं लागतात आणि घटनादुरुस्तीला ४६, त्यामुळे तटस्थपणा आणि विरोध यांचा परिणाम एकच. २१ मार्च २०२५ रोजी कर्जमर्यादा शिथिल करणारी घटनादुरुस्ती तिथे ५३ मतांनी मंजूर झाली. तटस्थ राहिलेली चार राज्यं होती थुरिंगिया, ब्रांडेनबुर्ग, सॅक्सनी-आनहाल्ट आणि ऱ्हाइनलांड-फाल्त्स, प्रत्येकी चार मतं. यातल्या पहिल्या दोन राज्यांत तेव्हा बीएसडब्ल्यू सरकारात होता, आणि त्या पक्षाचा या दुरुस्तीला विरोध होता.